ऊर्जा-निर्यात या संकल्पनेची चिकित्सा

१

मार्च २०१७ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने असे जाहीर केले की, भारत हा इतिहासात प्रथमच विजेचा निव्वळ निर्यातदार देश ठरला आहे. एप्रिल २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या ११ महिन्यांत नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या शेजारी देशांस भारताने ५७९ कोटी ८० लक्ष युनिटे वीज दिली आणि भूतानकडून सुमारे ५५८ कोटी ५० लक्ष युनिटे घेतली. देण्याघेण्याची वजाबाकी करता २१ कोटी युनिटांहून किंचित अधिक शिल्लक राहिली, आणि तेवढ्या शिलकेवर देश 'आयातदार' या सदरातून 'निर्यातदार' या सदरात गेला. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात 'सौभाग्य' योजना सुरू करण्यात आली. देशातील सुमारे ४ कोटी कुटुंबांच्या घरी अद्याप विजेचा दिवा लागलेला नाही, अशी कबुली त्या योजनेच्या मुळाशी होती.

या दोन घोषणांत तार्किक विसंगती आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, यातच विचार करण्याजोगा प्रश्न दडलेला आहे. 'निर्यातदार देश' ही संज्ञा जर देशातील अंधाराशी इतक्या निर्वेधपणे नांदू शकत असेल, तर ती नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याची तपासणी करणे प्राप्त आहे. परावलंबनाकडून निर्यातीकडे झालेली वाटचाल हा अलीकडे आर्थिक लेखनातील एक आवडता विषय झाला आहे. अमेरिकेच्या उदाहरणाने त्याला पुष्टी मिळाली आहे, आणि २०४७ पर्यंत भारताने ऊर्जेच्या बाबतीत स्वतंत्र व्हावे असे उद्दिष्ट १५ ऑगस्ट २०२१ रोजी घोषित झाल्यापासून आपल्याकडेही त्याची चर्चा वाढली आहे. या चर्चेतील आधारभूत संकल्पनेची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे. उदाहरणे शक्यतो मुंबई बंदराच्या किनाऱ्यावरची, म्हणजे तुर्भे, उरण आणि नवी मुंबई या परिसरातील घेतली आहेत. या एवढ्याशा भूभागात गेल्या शंभर वर्षांतील भारतीय ऊर्जाव्यवहाराचे जवळजवळ सर्व टप्पे पाहावयास मिळतात, हे त्याचे कारण होय.

२

निर्यातीच्या आकड्यांवरून समृद्धीचे अनुमान काढण्याची प्रवृत्ती नवी नाही, आणि तिची चिकित्साही नवी नाही. किंबहुना ही चिकित्सा आपल्या प्रांतातील अर्थविचाराचा आरंभबिंदूच आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची निर्यात आयातीहून सातत्याने अधिक असे, आणि हा वाढावा राज्यकर्त्यांच्या बाजूने देशाच्या भरभराटीचे लक्षण म्हणून पुढे मांडला जाई. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये लिहिलेल्या पत्रांतून इंग्रजी राज्यात देशाचे धन बाहेर वाहून जात असल्याचे प्रतिपादन केले. पुढे दादाभाई नौरोजी यांनी तोच विचार आकडेवारीच्या आधारे शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. ज्या निर्यातीचा मोबदला परत येत नाही, ती निर्यात कमाई नसून गळती होय, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 'हिंदी अर्थशास्त्र' या विषयावर जे व्याख्यान दिले, त्यात कच्चा माल पाठवणारा देश आणि पक्का माल पाठवणारा देश यांच्या स्थितीतील भेदाकडे लक्ष वेधले होते.

या परंपरेचा उल्लेख केला तो साम्य दाखविण्यासाठी नव्हे. आजच्या निर्यातीचा मोबदला देशाला मिळतो. तिला दादाभाईंच्या अर्थाने गळती म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होईल. तथापि त्यांची पद्धती आजही उपयोगी आहे. निर्यातीचा आकडा पाहून न थांबता त्या मालाचा उगम, त्याचा मोबदला आणि त्याची किंमत यांचा माग काढावयाचा, ही ती पद्धती. तिला अनुसरून ऊर्जा-निर्यातीच्या कोणत्याही दाव्याला चार प्रश्न विचारता येतील. पहिला, जी ऊर्जा बाहेर गेली तिचा मूळ स्रोत कोणाचा? दुसरा, ती बाहेर पाठविताना घरची गरज भागली होती काय? तिसरा, व्यवहारातून जे मूल्य मिळाले त्यापैकी देशात किती राहिले? आणि चौथा, त्या ऊर्जेसाठी जमीन, पाणी व उपजीविका कोणी दिली?

या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे निर्यातीचे तीन प्रकार करता येतात. स्वतःच्या स्रोतातून स्वतःची गरज भागवून उरलेल्याची विक्री ती मूळ-निर्यात. दुसऱ्याचा कच्चा माल आणून त्यावर संस्कार करून केलेली विक्री ती प्रक्रिया-निर्यात. आणि मागणी व पुरवठा यांच्यातील तात्पुरत्या विसंगतीमुळे, किंवा साधनांच्या जुळणीतील दोषामुळे घडणारी विक्री ती प्रासंगिक निर्यात. व्यापाराच्या कोष्टकात हे तिन्ही प्रकार एकाच रकान्यात बसतात, आणि बहुतेक गैरसमज तेथूनच उत्पन्न होतात.

३

मुंबईच्या गिरण्या विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वाफेवर चालत, आणि वाफेसाठी लागणारा कोळसा दुरून आणावा लागे. बंगालचा कोळसा तर येईच, शिवाय समुद्रमार्गे परदेशी कोळसाही येई. उद्योगाने समृद्ध झालेले हे शहर इंधनाच्या बाबतीत संपूर्ण परावलंबी होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी अडवून खाली कोकणात सोडावे व त्यापासून वीज करावी, ही टाटांची योजना या पार्श्वभूमीवर आली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, त्यापाठोपाठ भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिरा येथील १९२७ मध्ये. अल्पावधीत गिरण्यांची यंत्रे लोणावळ्याच्या पावसावर चालू लागली. परावलंबनातून सुटण्याचे हे आपल्याकडील पहिले मोठे उदाहरण होय, आणि तांत्रिक दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु वरील चौथा प्रश्न येथेच प्रथम उपस्थित होतो. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावांची जमीन धरणाखाली जाणार होती. १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने गाजलेला मुळशी सत्याग्रह त्या गावांतील मावळ्यांनी लढविला, आणि तो १९२४ पर्यंत टिकून अखेर अयशस्वी झाला. मुंबईच्या दृष्टीने जे स्वावलंबन होते, ते मुळशीच्या दृष्टीने निर्यातच होते. फरक इतकाच की, ही निर्यात देशाची सीमा ओलांडीत नसल्याने कोणत्याही व्यापारी कोष्टकात तिची नोंद झाली नाही. देश हा एक अखंड घटक मानून जो हिशेब केला जातो, त्यात देशांतर्गत देणारे आणि घेणारे यांचा भेद पुसला जातो. संकल्पनेतील हा पहिला दोष होय.

४

स्वातंत्र्यानंतर तुर्भे येथे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे एस्सो या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा-शेल कंपनीचा १९५५ मध्ये सुरू झाला. कारखाने भारतीय भूमीवर होते, पण त्यांत कोणते कच्चे तेल वापरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार करारान्वये कंपन्यांकडे होता. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले, तेव्हा परकीय कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. शुद्धीकरणाची क्षमता असणे आणि ऊर्जेवर सत्ता असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या वेळी मिळाला. १९७४ व १९७६ मध्ये या दोन कारखान्यांचे अनुक्रमे सरकारीकरण झाले, त्यामागे हा अनुभव होता.

त्याच सुमारास एक मोठी घटना घडली. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाशी तेल असल्याचे संकेत सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने १९६० च्या दशकात झालेल्या पाहणीत मिळाले होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजवजा छिद्रणमंचाच्या साहाय्याने तेथे तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपामागे ३ डॉलरच्या आसपासून ११ डॉलरच्या वर गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 'मुंबई हाय'च्या शोधाचे तत्कालीन महत्त्व कळते. समुद्रतळावरून नळ टाकून हे तेल व वायू उरणला आणण्यात आले. तेथून तेल तुर्भ्याच्या कारखान्यांकडे जाऊ लागले, वायूपासून स्वयंपाकाचा गॅस निघू लागला, थळच्या खत कारखान्यास वायू मिळू लागला आणि बोकडविरा येथे वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन १९७५-७६ मध्ये ८४ लक्ष टनांच्या आसपास होते, ते १९८४-८५ मध्ये २ कोटी ९० लक्ष टनांवर गेले. देशाची एकूण गरज त्या वेळी ४ कोटी टनांहून कमी होती. म्हणजे गरजेचा सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग देशातील तेलाने भागत होता. ऊर्जा-स्वावलंबनाच्या इतक्या जवळ भारत त्यापूर्वी वा त्यानंतर कधीही आलेला नाही.

आणि याच काळात एक चमत्कारिक गोष्ट घडली, जी आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही वर्षे भारताने 'मुंबई हाय'चे कच्चे तेल परदेशास विकले. देशाला तेल कमी पडत असताना हे घडले. कारण असे की, मुंबई हायचे तेल हलके आहे, आणि त्यात मेणाचा अंश अधिक आहे. आपले बहुतेक कारखाने मध्यपूर्वेतील जड तेलासाठी बांधलेले होते. उत्पादन ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने कारखान्यांची रचना बदलणे शक्य झाले नाही. म्हणून एका हाताने हलके तेल विकावयाचे आणि दुसऱ्या हाताने जड तेल आणावयाचे, असा व्यवहार झाला. कारखान्यांत योग्य फेरफार होताच ही निर्यात थांबली. वरील वर्गीकरणाप्रमाणे ही शुद्ध प्रासंगिक निर्यात होय. तीत लाजिरवाणे असे काही नव्हते, त्याचप्रमाणे अभिमानास्पद असेही काही नव्हते. परंतु केवळ कच्च्या तेलाच्या निर्यातीचा रकाना पाहणाऱ्यास त्या काळातील भारत हा तेल विकणारा देश वाटेल, आणि पुढची दोन दशके अधोगतीची वाटतील. वस्तुस्थिती उलट होती. कारखाने स्वतःच्या तेलास अनुरूप झाले, म्हणून निर्यात बंद झाली. स्वावलंबन वाढले आणि निर्यात घटली, असे एक उदाहरण तरी आपल्या इतिहासात आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

५

आता सांप्रतच्या स्थितीकडे वळू. देशातील कच्च्या तेलाचे उत्पादन १९८९-९० मध्ये ३ कोटी ४० लक्ष टनांपर्यंत चढले, नंतर रेंगाळले, आणि २०२४-२५ मध्ये ते पुन्हा २ कोटी ९० लक्ष टनांच्या आसपास, म्हणजे ४० वर्षांपूर्वी होते तेथेच, येऊन ठेपले आहे. या अवधीत खप मात्र ४ कोटी टनांच्या आतून २३ कोटी टनांच्या वर गेला. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने २०२२ पर्यंत आयातीवरील अवलंबन १० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प जाहीर केला होता. त्या वेळी हे प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास मानले जात होते. ते कमी होण्याऐवजी वाढत जाऊन ८७ ते ८८ टक्क्यांवर पोहोचले.

याच कालखंडात भारत पेट्रोलजन्य पदार्थांचा एक मोठा निर्यातदारही झाला. जामनगर येथील रिलायन्सचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. त्याच्या शेजारी केवळ निर्यातीसाठी दुसरा कारखाना २००८ च्या अखेरीस उभा राहिला. शतकाच्या आरंभापासून पक्क्या मालाच्या बाबतीत देश निव्वळ निर्यातदार आहे. देशाची शुद्धीकरण क्षमता आज वर्षाला २५ कोटी टनांच्या वर आहे आणि अलीकडच्या वर्षांत ६ कोटी टनांहून अधिक पदार्थ बाहेर जातात. हे कर्तृत्व मोठे आहे, हे नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे. ज्या देशाला १९६० मध्ये स्वतःच्या भूमीवरील कारखान्यात कोणते तेल घालावयाचे हेही ठरविता येत नव्हते, तो देश २०२२ नंतर सवलतीत मिळणारे रशियन तेल मोठ्या प्रमाणावर घेऊ शकला आणि त्यापासून बनविलेले पदार्थ जगास विकू शकला, यात एक ऐतिहासिक परिवर्तन खास आहे.

तथापि आकड्यांची थोडी फोड केली म्हणजे चित्र बदलते. ६ कोटी टनांच्या निर्यातीसमोर सुमारे ५ कोटी टन पक्क्या मालाची आयातही आहे. बाहेर जाणाऱ्या मालात डिझेल, पेट्रोल व विमानाचे इंधन यांचा भरणा असतो. आत येणाऱ्या मालात स्वयंपाकाचा गॅस प्रमुख आहे. देशात लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग आयात करावा लागतो. म्हणजे विमानाच्या इंधनात आपण निर्यातदार आणि चुलीच्या इंधनात आयातदार आहोत. शिवाय जे पदार्थ निर्यात होतात त्यांचे कच्चे तेल जवळजवळ सर्वस्वी परदेशी असते. २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात झाले आणि त्यापोटी १३,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. निर्यातीच्या एकूण रकमेतून त्या मालात गेलेल्या कच्च्या तेलाची किंमत वजा केल्यावर जे उरते, तेवढीच देशाची खरी मिळकत. ती शुद्धीकरणाची मजुरी व नफा होय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते. ही प्रक्रिया-निर्यात आहे. सूत परगावाहून आणून कापड विणणाऱ्या विणकराचे कसब त्याच्याच मालकीचे असते, कापूस मात्र त्याच्या मालकीचा नसतो.

दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे घरच्या गरजेचा, कस २०२२ मध्ये लागला. युक्रेनच्या युद्धानंतर परदेशात डिझेल-पेट्रोलला देशातील दरापेक्षा पुष्कळ अधिक भाव मिळू लागला. काही राज्यांत खाजगी कंपन्यांच्या पंपांवर टंचाई जाणवू लागली. १ जुलै २०२२ पासून सरकारला पेट्रोल, डिझेल व विमान-इंधनाच्या निर्यातीवर कर बसवावा लागला, तसेच निर्यात करणाऱ्यांनी मालाचा काही हिस्सा देशात पुरवावा असे बंधन घालावे लागले. हा कर डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. जेथे मूळ-निर्यात असते, तेथे घरची गरज भागल्यावर उरलेले बाहेर जाते. प्रक्रिया-निर्यातीत माल भावाच्या मागे जातो, आणि घरच्या गरजेचे रक्षण कायद्याने करावे लागते. या दोन्ही व्यवहारांस एकच नाव देणे कितपत युक्त आहे, याचा विचार व्हावा.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सिंगापूर किंवा नेदरलँड्स यांच्यापाशी तरी स्वतःचे कच्चे तेल कोठे पुरेसे आहे? तरीही ते तेलपदार्थांचे मोठे व्यापारी आहेतच, मग भारतानेच न्यूनगंड का बाळगावा? आक्षेप रास्त आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे प्रक्रिया-निर्यात हीन आहे असे नाही. तिला ऊर्जा-स्वातंत्र्याचा पुरावा मानणे चुकीचे आहे, एवढेच म्हणणे आहे. सिंगापूर स्वतःस ऊर्जा-स्वतंत्र म्हणवून घेत नाही. ते स्वतःस व्यापारकेंद्र म्हणवते, आणि ते वर्णन यथार्थ आहे.

६

या विषयावरील लेखनात अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून त्याचीही थोडक्यात तपासणी करू. १९७३-७४ च्या तेलबंदीने अमेरिका हादरली आणि डिसेंबर १९७५ च्या कायद्याने तिने कच्च्या तेलाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पुढे शेल खडकातून तेल व वायू काढण्याचे तंत्र सिद्ध झाले, डिसेंबर २०१५ मध्ये निर्बंध उठले, आणि २०१९ मध्ये अमेरिका ऊर्जेची निव्वळ निर्यातदार झाली. १९५२ नंतर प्रथमच हे घडले. परावलंबनाकडून निर्यातीकडे झालेल्या वाटचालीचे हे सर्वांत मोठे उदाहरण, आणि त्यात मूळ-निर्यातीचा अंश भरपूर आहे यात शंका नाही.

परंतु येथेही मुंबई हायची कथा मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिसते. शेलमधून निघणारे तेल हलके आहे. मेक्सिकोच्या आखातालगतचे बहुतेक कारखाने जड तेलासाठी बांधलेले आहेत. त्यामुळे अमेरिका आजही दिवसाला ६० लक्ष पिंपांच्या आसपास कच्चे तेल आयात करते, आणि त्यातील मोठा वाटा कॅनडाचा असतो. निव्वळ निर्यातदार होऊनही २०२२ मध्ये तेथील पंपांवरचे भाव जागतिक भावांबरोबर चढलेच. निर्यातदार होण्याने देशाची जमा-खर्चाची बाजू सुधारते. किमतीच्या धक्क्यापासून ग्राहकाला मात्र ती वाचवीत नाही, कारण निर्यातदार होणे म्हणजेच जागतिक भावाशी अधिक घट्ट बांधले जाणे. याउलट इंडोनेशियासारखा देश तेलउत्पादक राष्ट्रांच्या 'ओपेक' संघटनेचा दीर्घकाळ सभासद होता. तो या शतकाच्या पहिल्या दशकात निव्वळ आयातदार झाला आणि २००९ च्या आरंभी त्याने आपले सभासदत्व स्थगित केले. निर्यातदार ही कायमची पदवी नाही. ती एका विवक्षित वर्षाच्या वजाबाकीचे उत्तर असते.

या प्रकाशात आरंभी उल्लेखिलेल्या वीज-निर्यातीचे परीक्षण करणे सोपे जाते. २०१६-१७ मध्ये देशात सुमारे १ लाख १६ हजार कोटी युनिटे वीज निर्माण झाली. निव्वळ शिलकेचे प्रमाण त्यात दर ५ हजारांहून अधिक युनिटांमागे एक युनिट इतके पडते. त्याच वर्षी औष्णिक वीजकेंद्रे आपल्या क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आसपासच चालत होती. वीज निर्माण करण्याची शक्ती होती, पण आर्थिक दृष्ट्या खिळखिळ्या झालेल्या वितरण कंपन्यांपाशी ती विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि लक्षावधी घरांपर्यंत तारा पोहोचल्या नव्हत्या. अशा स्थितीतील शिलकेस वाढावा म्हणण्यापेक्षा न पोहोचलेली वीज म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. शेजारी देशांस वीज देणे हे सर्वथा इष्टच आहे. प्रश्न फक्त त्यावरून काढलेल्या अनुमानाचा आहे.

७

शेवटी चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे ज्यांनी जमीन दिली त्यांच्याकडे, पुन्हा एकदा वळणे अवश्य आहे. मुंबई हायचे तेल जेथे किनाऱ्यास लागते ते उरण, मार्च १९७० मध्ये 'सिडको'ची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईच्या आराखड्यात समाविष्ट झाले. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची भातशेती, मिठागरे व खाजणे या आराखड्यात आली. तेलप्रकल्प, वीजकेंद्र, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील बंदर आणि नवे शहर अशी एकामागून एक बांधकामे आगरी व कोळी वस्तीच्या या भूमीवर झाली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ५ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. मुळशीच्या मावळ्यांना जे मिळाले नाही, त्याचा काही अंश ६० वर्षांनंतर उरणच्या आगऱ्यांना मिळाला. ही प्रगती आहे. परंतु ती ऊर्जाधोरणातून आलेली नाही. ती बळी देऊन मिळवावी लागली.

एक गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. बोकडविऱ्याच्या वीजकेंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट इतकी होती. समुद्रातील वायू जेथे जमिनीवर येतो, त्याच तालुक्यात ते उभे आहे. पण वायूचा पुरवठा अपुरा असल्याने ते वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकले नाही. वायू कोणास द्यावयाचा हे राष्ट्रीय वाटपाच्या अग्रक्रमानुसार ठरते, आणि त्यात खत कारखाने व शहरी गॅस यांस वरचे स्थान मिळाले. हा अग्रक्रम योग्यही असेल. परंतु स्रोताच्या दारात बसलेल्यासही स्रोतावर हक्क नसतो, हे त्यातून स्पष्ट होते. 'देशाची ऊर्जा' हा शब्दप्रयोग करताना देश म्हणजे कोण, हा प्रश्न टाळता येत नाही, तो यासाठी.

हा केवळ गतकाळाचा हिशेब नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानानुसार २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लक्ष टन हायड्रोजन तयार करावयाचा असून त्यात निर्यातीचा विचार उघडपणे अंतर्भूत आहे. पाण्याच्या विघटनाने १ किलो हायड्रोजन करण्यास सुमारे ५० युनिटे वीज आणि किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. म्हणजे उद्दिष्टापुरत्या मालासाठीच वर्षाला सुमारे २५ हजार कोटी युनिटे वीज हवी. सूर्य व वारा हे स्रोत आपलेच असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर या खेपेस अनुकूल मिळेल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु तो स्रोत वापरण्याची साधने, म्हणजे सौर घट व विघटनयंत्रे, कोठून येणार? ही वीज प्रथम घरच्या कोळशाची जागा घेणार, की वायुरूपाने जहाजात भरली जाणार? आणि त्यासाठी लागणारी माळराने, किनारे व पाणी कोणाचे असणार? मुळशीत १९२१ साली आणि उरणला १९८४ साली जे प्रश्न रस्त्यावर विचारले गेले, ते या वेळी आराखड्याच्या पहिल्या पानावर विचारले जावेत, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.

सारांश, परावलंबनाचा अभाव म्हणजे निर्यात नव्हे, आणि निर्यातीचा अभाव म्हणजे परावलंबन नव्हे. या दोन स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. एका काळी भारताचे स्वावलंबन वाढत असताना कच्च्या तेलाची निर्यात बंद झाली. आज परावलंबन वाढत असताना पक्क्या मालाची निर्यात वाढली आहे. एवढ्यावरूनही या दोन्हींची गल्लत करणे किती अनर्थकारक आहे हे दिसून येईल. यापुढे ऊर्जा-व्यापारावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी निर्यातीचा आकडा देताना ती मूळ, प्रक्रिया की प्रासंगिक हे स्पष्ट करावे, त्याच मालातील आयातीचा आकडा शेजारी द्यावा, आणि ऊर्जा जेथून निघाली त्या गावाचे नाव लिहावे. ही शेवटची नोंद कोणत्याही शासकीय कोष्टकात आढळत नाही. ती करणे हे विद्यापीठीय संशोधनाचे काम आहे.